वीस टनांचा टेकू

लग्न होऊन धाकटी त्या घरात आली आणि पहिल्याच आठवड्यात तिला कळून चुकलं, की हे घर चारचौघांच्या घरासारखं नाही. चारचौघांच्या घरात जेवताना काय नवीन घेतलं, काय बांधलं, याच्या गप्पा होतात. इथे गप्पा व्हायच्या त्या काय पाडलं याच्या. "आज जिना उतरवला," असं सासरे पहिल्या घासाला म्हणायचे, आणि थोरले दीर समाधानानं मान हलवायचे, "छान उतरला हो. कुठे हूं की चूं नाही." जणू जिना नव्हे, घरातलं आजारी माणूसच अलगद खाली आणलं होतं.

पाडकामाचा धंदा होता तो. सासऱ्यांना ती मामंजी म्हणायची. मामंजी पोटठेकेदार. मोठा ठेकेदार नवी इमारत बांधायचं काम घ्यायचा आणि जुनी पाडायचं मामंजींच्या गळ्यात घालायचा. घरात कपाट उघडा, गादी झटका, उशी आपटा, धूळ उडणारच. सासूबाई म्हणायच्या, "माझ्या संसारात दर वर्षी एखादी तरी इमारत येऊन राहते, पण पिठासारखी होऊन."

अशा त्या घरात स्वयंपाकघरावर दोन बायकांचं राज्य होतं, सासूबाईंचं आणि थोरल्या जाऊबाईंचं. मिठाचा डबा सासूबाई डावीकडे ठेवायच्या आणि जाऊबाई उजवीकडे. धाकटीनं तो कुठेही ठेवला तरी एक जण म्हणायचीच, "अगं, इकडे नको, तिकडे." दिवसातून वीसदा ते "इकडे नको, तिकडे" ऐकून तिला स्वप्नातही डबे सरकवल्याचे भास व्हायला लागले. घरात एकच जागा अशी होती जिथे कुणी तिला काही सरकवायला सांगत नव्हतं. ते म्हणजे पुढच्या खोलीतलं, खिडकीजवळचं टेबल.

त्या टेबलाशी जुने कारकून बसायचे. ते बिलं करायचे. पुढे त्यांच्या डोळ्यांनी असहकार पुकारला, ते लेकीकडे राहायला गेले, आणि टेबल रिकामं झालं. धाकटी आपण होऊन तिथे जाऊन बसली, पावत्या-चिठ्ठ्या लावून दिल्या, दोन बिलं करून दिली आणि तिला असं काही छान वाटलं म्हणता! आकडे कसे सांगाल तिथे गप बसतात. मिठाच्या डब्यासारखं नाही.

पण जाऊबाईंना एक भाऊ होता. गोरागोमटा, हसतमुख, आणि पाढे असे तोंडपाठ, की पावकी-निमकीसुद्धा झोपेत म्हणायचा. घरात त्याला सगळे पाढेमास्तर म्हणायचे. त्याला सध्या कामधंदा नव्हता. जाऊबाई जेवताना रोज म्हणायला लागल्या, "घरचा माणूस असताना सुनेनं कशाला बाहेरच्या ठेकेदारांशी डोकं लावायचं?"

मामंजींना भांडणं सहन होत नसत. भिंत पाडायची तर ती एका घावात पाडावी असं त्यांचं मत. त्यांनी एक दिवस ताट बाजूला सारून जाहीर केलं, "बर्फाच्या कारखान्याचं बिल धाकटी करेल. त्यातलं तासाच्या कामाचं बिल निम्म्याच्या वर पास झालं, तर टेबल तिचं. निम्म्याच्या खाली गेलं, तर पाढेमास्तरांचं. आता कुणी मला भात वाढेल का?"

झालं. धाकटीला वाटलं, टेबल आपलंच.

तिला असं वाटण्याला कारण होतं. पाडकामात दोन प्रकार असतात. एक उक्तं काम. म्हणजे अमुक इमारत, अमुक पैसे, मग आत काहीही निघो. दुसरं तासाचं. नकाशात नाही असं काही मध्येच निघालं, तळघर निघालं, जुनी टाकी निघाली, की त्या वाढीव कामाचं बिल तासाप्रमाणे करायचं. त्या बिलाला तीन रकाने. मजुरी, यंत्रं आणि माल. मजुरी माणसाच्या तासांवर. यंत्राला दोन दर. चालू असेल तर चालूचा, नुसतं थांबलं असेल तर खोळंब्याचा, आणि खोळंब्याचा दर चालूच्या पावसुद्धा नाही. माल जो लागेल तो खरेदीच्या किंवा भाड्याच्या पावतीप्रमाणे, वर दहा टक्के.

आणि ही बिलं तपासायला मोठ्या ठेकेदाराकडे एक साहेब बसायचे. उंच, काटकुळे, खिशाला तांबडी पेन्सिल. सगळे त्यांना कात्रीसाहेब म्हणत, तोंडावर नाही अर्थात. ते बिल वाचायचे नाहीतच, कापायचेच. लोक म्हणत, की घरी चहात बायको दोन चमचे साखर घालते तर हे अर्धा चमचा काढून ठेवतात, सवयीनं. यंत्राच्या तासांवर त्यांचा डोळा. "दहा तास चालू? छे! मध्ये ड्रायव्हर चहा पीत होता. मी पाहिलं." झालं, दहाचे सात.

म्हणून काम सुरू होण्याआधी करारावर बसले तेव्हा धाकटीनं शक्कल लढवली. पोकलेनला तासांचं मीटर असतं. इंजिन चालू असेल तेवढंच ते फिरतं. तिनं करारात वाक्य घालायला लावलं : चालू तास म्हणजे मीटर दाखवेल तेवढे तास, त्यावर वाद नाही. आता सांगा म्हणावं, ड्रायव्हर चहा पीत होता!

कात्रीसाहेबांनी ते वाचलं आणि लगेच सही केली. इतक्या लगेच, की धाकटीला खरं तर तेव्हाच शंका यायला हवी होती. पण ती घरी आली ती दोन-दोन पायऱ्या चढत.

पोकलेन चालवायचा धाकटीचा नवरा. ते यंत्र त्यांचं स्वतःचं नव्हतं, एका विहीर खणणाऱ्याकडून दिवसाच्या भाड्यानं आणलेलं होतं. पण नवरा ते असं जपायचा, की जाऊबाई म्हणायच्या, "बायकोला एवढं पुसत नाही हो कुणी." स्वभाव शांत. बोलणं कमी. आणि काटकसर अंगात मुरलेली. यंत्राला काम नसलं की आधी इंजिन बंद. फुकट डिझेल जळताना बघून त्याच्या पोटात दुखायचं.

बर्फाचा कारखाना पाडायला सुरुवात झाली. आतल्या भिंतींना बुचाच्या जाड लाद्या लावलेल्या होत्या, बर्फ वितळू नये म्हणून. शेजारी लागून एका शिंप्याचं घर, खाली दुकान. म्हातारा मोठा गप्पिष्ट. त्याच्या दुकानाची एक बाजू कारखान्याला टेकलेली, त्यामुळे भर उन्हाळ्यात ते दुकान गार असायचं, आणि कपडे शिवायचे नसले तरी लोक तिथे येऊन बसायचे. नकाशात कारखान्याची भिंत वेगळी आणि शिंप्याची वेगळी, मध्ये बोटभर फट, असं स्वच्छ दाखवलेलं.

नवऱ्यानं कारखान्याच्या बाजूच्या बुचाच्या लाद्या उतरवल्या, त्यामागचा विटांचा थर अलगद सोलला, आणि त्यातून जे दिसलं ते पाहून त्याचा हात तिथेच थांबला. समोर शिंप्याचं शिलाई मशीन. त्यामागे शिंपी. तोंडात टाचण्या. मधल्या विटांच्या भगदाडातून दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

"या," शिंपी टाचण्या काढून म्हणाला. "माप द्यायला आलात का?"

भिंती दोन नव्हत्याच. एकच होती, दोघांत मिळून. नकाशा काढणाऱ्यानं दुसरी मनानं काढली होती. आणि ती एकटी भिंत, आधार गेल्यावर, हळूच पोट पुढे काढायला लागली. नवऱ्यानं विचार केला नाही. मजुरांना लाकडाचे जाड ओंडके आडवे लावायला सांगितले, पोकलेनचा हात उचलला, बकेट उलटी करून ओंडक्यांवर टेकवली आणि दाबून धरली. भिंत थांबली. मग त्यानं नेहमीच्या सवयीनं इंजिन बंद केलं.

मोठ्या ठेकेदाराकडून लोखंडी टेकू यायचे होते. ते आज येतो, उद्या येतो करत राहिले. टेकू बसेपर्यंत बकेट काढायची सोय नव्हती. सकाळ-संध्याकाळ नवरा इंजिन चहा होईल एवढा वेळ चालू करायचा, सैल झालेला हात पुन्हा घट्ट दाबायचा, आणि बंद करायचा. बाकी दिवसभर केबिनमध्ये बसून भिंतीकडे बघत राहायचा. तडा गेला तर लगेच दाबायला माणूस हवा ना.

मग काय, धाकटी दुपारी डबा घेऊन तिकडेच जायला लागली. घरात दोघांना मिळून एक खोली, तिला पातळ भिंत, भिंतीपलीकडे जाऊबाई. इथे केबिनला तिन्ही बाजूंनी काच, पण खाली राडारोड्याचे ढीग, वर आभाळ, आणि ऐकायला कुणी नाही. तिला खुर्चीच्या हातावर बसायला जागा व्हायची. लग्नानंतर नवरा एवढं पहिल्यांदाच बोलला. लहानपणी त्याला भूगोलाचा मास्तर व्हायचं होतं हे तिला वीस टनांच्या यंत्रात बसून कळलं.

"आपण काय करतोय माहितेय का?" तो एकदा म्हणाला. "म्हाताऱ्याचं घर हातात धरून बसलोय."

"आणि मी तुम्हाला भरवतेय," ती म्हणाली. "म्हणजे घर माझ्या हातावर आहे."

दोघं इतके हसले की केबिन हलली, आणि भगदाडातून शिंपी ओरडला, "अहो राजा-राणी! हलू नका तिथे!"

महिनाअखेरीला धाकटीनं भिंत धरल्याच्या या वाढीव कामाचं बिल केलं. यंत्राच्या रकान्यात सगळे दिवस चालूच्या दरानं, भिंत धरणं म्हणजे कामच की. सुरेख अक्षर, खाली दोन रेघा. ती ते घेऊन मोठ्या ठेकेदाराच्या कचेरीत गेली. कात्रीसाहेबांनी चष्मा लावला, आणि आश्चर्य म्हणजे तांबडी पेन्सिल बाहेर काढलीच नाही. त्यांनी कराराचा कागद काढला.

"वहिनी, हे वाक्य कुणी घातलं?"

"मी."

"वाचा बरं मोठ्यानं."

तिनं वाचलं. वाचता वाचता ती 'मीटर' या शब्दाशीच अडखळली.

"मीटर दाखवेल तेवढे तास," कात्रीसाहेब प्रेमानं म्हणाले. "मीटर तर काहीच दाखवत नाही. रोज चहापुरतं फिरलं. बाकी सगळा खोळंबा. वाद नाही असंही तुम्हीच लिहिलंय. छान लिहिलंय. मला फार आवडलं होतं."

खोळंब्याच्या दरानं बिल निम्म्यावर सोडाच, पावावर येत होतं. विहीरवाल्याला द्यायचं रोजचं भाडंसुद्धा त्यातून सुटत नव्हतं. साहेबांनी सौजन्य म्हणून बिल परत दिलं. नीट करून आणा म्हणाले.

घरी ती आली तर पाढेमास्तर टेबलाचे खण ओढून बघत होते, कुठला अडकतो ते. जाऊबाई त्या खणात घालायला नवा कागद कापत होत्या. धाकटी तडक आत वळली. स्वयंपाकघरात जाऊन तिनं मिठाचा डबा उचलला आणि दोघींच्या बरोबर मध्ये, जमिनीवर ठेवला. सासूबाई आणि जाऊबाई दोघीही तिच्याकडे बघतच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन गेली ती डोळे सुजवून. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो फार ओशाळला.

"मी इंजिन चालू ठेवायला हवं होतं का गं?"

"दिवसभर? नुसतं? तुमच्या पोटात दुखलं असतं."

"हो, ते दुखलंच असतं," तो खरं तेच बोलला.

एवढ्यात भगदाडातून कापडाचा खसखस आवाज झाला. शिंप्यानं तयार झालेला एक कोट हँगरला लावून बकेटच्या दातात अडकवला. त्याच्या शेजारी आधीच दोन सदरे आणि एक पाटलोण वाऱ्यावर डुलत होती. आत बसलेल्या कुणा गिऱ्हाइकानं विचारलं, "हे काय हो तुमच्या घरात घुसलंय?"

"हा ना, आमचा टेकू," शिंपी सहज म्हणाला. "मोठ्या ठेकेदाराचे टेकू येईनात, मग यांनी आपला लावला. चांगला दणकट आहे. रंग जरा भडक आहे एवढंच."

धाकटीचा घास हातातच राहिला. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. मग बकेटकडे. मग खालून वरपर्यंत त्या अख्ख्या पिवळ्या धुडाकडे. आणि तिला असं काही हसू फुटलं, की ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, डबा मांडीवरून घसरला. नवरा घाबरून तिच्या पाठीवर थोपटायला लागला.

"अहो," ती धापा टाकत म्हणाली, "आपण बिल चुकीच्या रकान्यात लिहिलं. हे यंत्र नाहीच! हा माल आहे!"

ती तशीच उठून पळत सुटली. टेबलाशी पाढेमास्तर बसले होते. "जरा उठा हो, पाच मिनिटं," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून ते निमूट उठले. नवं बिल तयार झालं. यंत्रांच्या रकान्यात रोजचे ते चहापुरते तास, मीटरप्रमाणे, चालूच्या दरानं. आणि मालाच्या रकान्यात : टेकू, भाड्याचा, नग एक, वजन वीस टन. भाडं विहीरवाल्याच्या पावतीप्रमाणे, वर दहा टक्के. सोबत पावती जोडली आहे.

मामंजींनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं.

"अगं पोरी," ते हळू आवाजात म्हणाले, "कात्री खाईल आपल्याला."

"खाऊ देत मामंजी. वीस टन आहेत. पचवून दाखवू दे."

मामंजी हसले नाहीत, पण त्यांचे खांदे हलायला लागले. उद्या आपण स्वतः बरोबर येतो म्हणाले. पाढेमास्तरही निघाले. हरणार कोण हे बघायची त्यांनाही उत्सुकता होतीच.

कात्रीसाहेबांनी बिल हातात घेतलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरून एकामागून एक इतके रंग गेले, की शिंप्याला कापडं दाखवायला उपयोगी पडले असते.

"टेकू?"

"टेकू," धाकटी म्हणाली.

"हे पोकलेन आहे!"

"तुम्हीच म्हणालात ना साहेब, ते चालू नव्हतं म्हणून. मग ते तिथे काय करत होतं?"

"खोळंबलं होतं!"

"खोळंबलेलं यंत्र दुसरीकडे नेता येतं. हे नेता येत होतं का?"

साहेबांनी बिल उलटंपालटं करून पाहिलं. मग त्यांना मुद्दा सुचला. "माल आमच्या पैशानं आला तर तो आमचा होतो. काम संपलं की हा टेकू आम्ही ठेवून घेणार. चालेल?"

मामंजींनी खोकल्यासारखं केलं. धाकटी मात्र म्हणाली, "परांची तुम्ही भाड्यानं आणता, ती मालाच्या रकान्यात लिहिता, आणि काम झालं की परत देता. आजवर एक तरी परांची ठेवून घेतलीत का?"

"परांचीला इंजिन नसतं!" साहेब ताडकन उठले. "चला. चला साइटवर. ते यंत्र आहे हे मी आत्ता सिद्ध करून दाखवतो."

सगळी वरात साइटवर गेली. नवरा केबिनमध्ये होता. साहेबांनी खालून हात हलवला. "चालू करा!"

इंजिन धडधडलं. "फिरलं! मीटर फिरलं!" साहेब आनंदानं ओरडले. "टेकू असा धडधडतो का कधी? आता हात मागे घ्या म्हणावं. यंत्र हलतं की नाही ते बघूच."

नवऱ्यानं वरून धाकटीकडे पाहिलं. मग नवऱ्यानं दोन्ही हात दांड्यांवरून काढले आणि वर केले, जणू कुणी पिस्तूल रोखलं आहे.

तेवढ्यात शिंप्याची खिडकी धाडकन उघडली. इंजिनाच्या आवाजानं त्याचं गिऱ्हाईक एकाच बाहीच्या कोटात रस्त्यावर पळालं होतं. म्हातारा मात्र खिडकीत उभा राहिला, टेप गळ्यात, अगदी शांत.

"साहेब," तो म्हणाला, "हात मागे घ्यायचाय ना? घ्या की. फक्त आधी आत या. ही माझी खुर्ची. या भिंतीला पाठ लावून हिच्यावर बसा. आणि मग तुम्ही स्वतः सांगा, घ्या मागे. तुम्ही सांगितलंत, की माझी काही हरकत नाही."

साहेबांनी खुर्चीकडे पाहिलं. भिंतीकडे पाहिलं. भिंतीचं पोट बघितलं. बकेटच्या दातांवरचे सदरे धडधडीनं थरथरत होते.

"बंद करा," ते म्हणाले.

"काय?" वरून नवरा ओरडला. त्याला काही ऐकू येत नव्हतं.

"बंद करा हो! आणि हलवू नका! काहीएक हलवू नका!"

इंजिन थांबलं. त्या शांततेत मामंजींना जे हसू फुटलं ते इतका वेळ दाबून ठेवलेलं होतं. ते राडारोड्याच्या ढिगावर खाली बसले आणि पोट धरून हसत राहिले. मजूर हसायला लागले. शिंपी हसला. एका बाहीचं गिऱ्हाईकही लांबून, काय झालं हे न कळताच, हसलं.

पण कात्रीसाहेब ते कात्रीसाहेब. बिल न कापता पास केलं असतं तर त्यांना रात्री झोप आली नसती. त्यांनी पोकलेनच्या पट्ट्यावर कागद पसरला, तांबडी पेन्सिल काढली आणि म्हणाले, "बरं. टेकू तर टेकू. मग टेकूला ड्रायव्हर कशाला? मजुरीत हा माणूस कसला?"

"ड्रायव्हर नाही. पहारेकरी. टेकूवर लक्ष ठेवायला. वाचा, तसंच लिहिलंय."

"आणि पहारेकरी दुपारी काय करत होता?"

"जेवत होता."

"एकटा?"

धाकटीचे कान तापले. "नाही."

"जेवणाची सुट्टी मी कापणार."

"कापा."

"रोजची. आणि एक तास नव्हे, दीड. माझी खिडकी इकडेच आहे वहिनी. मला सगळं दिसतं."

नवरा केबिनमध्ये खाली वाकून काहीतरी शोधायला लागला, जे तिथे हरवलेलं नव्हतं. मजुरांनी तोंडं फिरवली. धाकटी लाजेनं लालबुंद झाली, पण मान ताठ ठेवून म्हणाली, "दीड तर दीड."

साहेब दीड तासांना दिवसांनी आणि दरानं गुणायला लागले. पेन्सिल कागदावर टेकतेय न टेकतेय, तोच मागून पाढेमास्तरांनी उत्तर सांगून टाकलं, शेवटच्या पैशापर्यंत. कुणी विचारलं नव्हतं. त्यांना राहवलंच नाही.

जाऊबाई तिथे असत्या तर त्यांनी कपाळावर हात मारला असता. सख्खा भाऊ, आणि आपल्याच घराचं बिल कापायला मदत करतो!

साहेबांनी गुणाकार करून पाहिला. बरोबर होता. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि पाढेमास्तरांकडे असं पाहिलं, जसं कुणी अनेक वर्षांनी भेटलेल्या मित्राकडे पाहावं.

"पावणेतेरा सत्ते?"

"सव्वा एकोणनव्वद."

"अडीचकी येते?"

"पाऊणकीपण येते साहेब."

"सध्या काय करता?"

"सध्या टेबलाची वाट बघतोय," पाढेमास्तर प्रामाणिकपणे म्हणाले.

"टेबल माझ्याकडे आहे," कात्रीसाहेब म्हणाले. "सोमवारपासून या."

बिल पास झालं. जेवणाची सुट्टी वजा जाता सगळं, निम्म्याच्या कितीतरी वर. संध्याकाळी मामंजींनी पानावर बसताच सांगितलं, "टेबल धाकटीचं. पाढेमास्तर साहेबांकडे. म्हणजे आता आपल्याच घरचा माणूस आपली बिलं कापणार." जाऊबाईंना यावर रडावं की हसावं कळेना. शेवटी त्या हसल्या, कारण नोकरी बरी होती. सासूबाईंनी त्या गडबडीत मिठाचा डबा हळूच पुन्हा डावीकडे सरकवला.

नवरा त्या दिवशी जेवायला घरी नव्हता. टेकूवर पहारा द्यायचा होता ना. शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी लोखंडी टेकू एकदाचे आले, बसले, आवळले गेले. नवऱ्यानं सगळ्यांना लांब उभं केलं, आणि बकेट भिंतीपासून इतकी हळू मागे घेतली, की शिंप्याला आपले सदरे काढायला वेळ मिळाला. भिंत उभी राहिली. पोकलेन वळलं आणि इतके दिवस पडून राहिलेल्या कामाला भिडलं.

धाकटी तिथे पोचली तेव्हा धुळीचा नुसता लोट उठला होता. टेबलाची बातमी तिला स्वतः सांगायची होती. ढिगावर चढून ती ओरडली, "अहो! टेबल माझं!"

इंजिनाच्या आवाजात काय ऐकू जाणार? त्यानं काचेतून मान हलवली, काय म्हणून. तिनं हातांनी हवेत चौकोन काढला. त्यानं पोटावर हात फिरवला आणि मान हलवली, भूक नाही. तिनं चौकोनाला चार पाय काढले. त्यानं गालाखाली हात ठेवून डोळे मिटले, पलंग का? "पलंग काय पलंग!" ती ओरडली, आणि ढिगावर उभ्या उभ्या खुर्चीत बसल्यासारखं करून हवेत भराभरा लिहायला लागली. मजूर काम सोडून बघत राहिले. शिंपी खिडकीतून ओरडून सुचवत होता, "शिलाई मशीन! शिलाई मशीन म्हणतेय ती!"

मग नवऱ्याच्या चेहऱ्यावर उजाडलं. त्यानं पोकलेनचा हात सरळ वर, आभाळात उचलला आणि बकेट गदागदा हलवली. बकेटमधली सगळी धूळ तिच्या डोक्यावर, मजुरांवर, शिंप्याच्या नुकत्याच धुतलेल्या खिडकीवर पडली. ती खोकत, हसत, भुतासारखी पांढरी होऊन ढिगावर नाचत राहिली, आणि तो वरून पुन्हा पुन्हा बकेट हलवत राहिला.

त्या सगळ्या खेळाचं चालूच्या दरानं बिल तिनं त्या दिवशी लावलं की नाही, असं विचाराल. लावलं की. मीटर फिरत होतं.